आरपीजी, गप्पा आणि बाकीचं आयुष्य : आम्हाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी फोंड्यात चहा-भजी घेऊन बसणारी आमची मंडळी आरपीजी (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे पात्र घडवून खेळायचे खेळ) खेळते आणि त्याहून जास्त त्यांच्याबद्दल बोलते. नव्याने येऊ पाहणारे, मध्येच गायब होऊन परतणारे आणि ज्यांची मुलं आमच्यात बसतात ते पालक बहुतेक तेच ते प्रश्न पाठवतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी केली आहेत. आधी सोपे प्रश्न, मग अडचणीचे.

१. आरपीजी म्हणजे नेमकं काय? इतर गेममध्येही आपण कुणीतरी असतोच की.

असतोच, पण आरपीजीत तो ‘कुणीतरी’ तुमच्या हातून घडत जातो. लढाया आणि कामगिऱ्यांतून अनुभवाचे गुण मिळतात, लेव्हल वाढते, नवी कौशल्यं उघडतात. त्यातलं काय शिकायचं, कुणाला सोबत घ्यायचं, समोरच्याशी गोड बोलायचं की धमकी द्यायची, हे तुम्ही ठरवता. या सगळ्याचं मूळ १९७४ साली अमेरिकेत आलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कागद, पेन्सिल आणि फाशांच्या खेळात आहे. जपानमध्ये १९८६ ला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आणि १९८७ ला ‘फायनल फँटसी’ आले आणि हा प्रकार घरातल्या टीव्हीवर पोचला.

गोव्यात हे समजावणं अवघड जात नाही. गावच्या जत्रेतल्या नाटकात सुतार, मास्तर, बँकेतला कारकून एका रात्रीपुरते राजा आणि सेनापती होतात, आणि प्रत्येक जण तो राजा आपल्या अंगाने उभा करतो. आरपीजीतही तसंच, फक्त इथे संहिता अर्धीच लिहिलेली असते.

२. जपानी आरपीजी आणि पाश्चात्त्य आरपीजी यांत फरक काय?

ढोबळमानाने, जपानी गेममध्ये नायक आणि त्याचे सोबती आधीच ठरलेले असतात आणि गोष्ट तुम्हाला घेऊन जाते. पाश्चात्त्य गेममध्ये पात्र तुम्ही बनवता आणि निर्णयांनी गोष्टीला फाटे फुटतात. याला अपवाद दोन्हीकडे भरपूर आहेत. ‘द विचर ३’ पोलंडचा, पण त्यातला नायक गेराल्ट आधीच ठरलेला. ‘एल्डन रिंग’ जपानचा, पण त्यातलं पात्र पूर्णपणे तुमचं. त्यामुळे या वर्गवारीवरून भांडू नका.

३. मी कधीच खेळलो नाही. सुरुवात कुठून करू?

घरात जे यंत्र आहे तिथून. नुसता फोन असेल तर १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’ विकत घेऊन फोनवर खेळता येतो, आणि इतक्या वर्षांनंतरही त्याच्या कथेची वीण कुठे उसवलेली नाही. ग्राफिक्स कार्ड नसलेला जुना लॅपटॉप असेल तर २०१५ चा ‘अंडरटेल’. तो एकाही शत्रूला न मारता पूर्ण करता येतो, आणि आपण गेममध्ये सवयीने काय काय करतो याकडे पहिल्यांदाच लक्ष जातं. प्लेस्टेशन किंवा बऱ्यापैकी पीसी असेल तर ‘ड्रॅगन क्वेस्ट ११ एस’. त्याचा मोफत डेमो कित्येक तासांचा आहे आणि डेमोतली सेव्ह (साठवलेली प्रगती) पुढे मूळ गेममध्ये नेता येते.

‘एल्डन रिंग’पासून सुरुवात करू नका, असं मी प्रत्येकाला सांगतो. गेम थोर आहे. पण ज्याला अजून हातातला कंट्रोलर न बघता चालवता येत नाही, त्याला तो पहिल्याच तासात घराबाहेर काढतो.

४. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं. इतकं इंग्रजी वाचायला जमेल का?

जमेल, गेम नीट निवडला तर. पाळीपाळीने लढाई होणारे, म्हणजे टर्न-बेस्ड गेम तुमच्यासाठी थांबतात. बऱ्याच जपानी गेममध्ये बटण दाबल्याशिवाय संवाद पुढे सरकत नाही, त्यामुळे शब्द बघायला वेळ मिळतो. आमच्यातल्या काहींचं इंग्रजी याच वाचनाने सुधारलं. ‘डिस्को एलिसियम’ मात्र नंतरसाठी ठेवा. त्यात सुमारे दहा लाख शब्द आहेत आणि तेही वळणावळणाचे. बसल्यावर आम्ही मराठीत आणि कोंकणीत बोलतो. एखादा प्रसंग कळला नसेल तर विचारा, कुणीतरी तो रंगवून सांगतोच.

५. तुम्ही भेटून नेमकं बोलता काय? फक्त गेमबद्दल?

सुरुवात गेमने होते. कुणाचा बॉस (टप्प्याच्या शेवटचा बलाढ्य शत्रू) मरत नाही, कुणी चुकून दुकानदारालाच मारलं, कुणी तीन संध्याकाळी मासे पकडण्याच्या उपखेळात घालवल्या. मग कुणीतरी म्हणतं की या आठवड्यात वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळी आहे, म्हणून खेळणंच झालं नाही. तिथून बोलणं पाळीवर जातं, पाळीवरून पगारावर, पगारावरून लग्नाच्या बोलणीवर. तासाभराने परत बॉसवर येतं.

हे असं भरकटणं आम्हाला हवं असतं. ‘तू सध्या कसा आहेस’ हा प्रश्न पुष्कळांना सरळ विचारलेला सोसत नाही. ‘तुझी पार्टी (गेममधल्या सोबत्यांचा जथा) कुठवर आली’ असं विचारलं की तोच माणूस मोकळा बोलतो. महिनाभर एकाच गुहेत अडकलो आहे असं कुणी सांगितलं, तर बहुतेक वेळा घरात कुणी आजारी असतं किंवा नोकरीचं काही बिनसलेलं असतं. तेव्हा गुहेतून बाहेर पडायची युक्ती सांगून आम्ही थांबत नाही, पुढचंही विचारतो.

६. स्पॉइलरचा नियम काय? जुन्या गेमचा शेवट सांगितला तर चालेल ना?

नाही. आमच्याकडे स्पॉइलरला मुदत नाही. ‘फायनल फँटसी ७’ १९९७ चा आहे, पण आमच्यातली एक मुलगी त्याच्याही नंतर जन्मली आणि तो पहिल्यांदा खेळते आहे. तिच्यासाठी तो आजचाच गेम आहे. कुठल्याही गेमवर बोलण्याआधी ‘कुठवर आलास?’ एवढं विचारा आणि सर्वांत मागे असलेल्याच्या हिशेबाने बोला. दोघांना शेवटावर वाद घालायचाच असेल तर खुर्च्या उचलून बाजूला बसा.

एक सूट आहे. काही गोष्टी हातून कायमच्या निसटतात आणि गेम त्याची पुरेशी सूचना देत नाही. अशा वेळी काय घडणार ते न सांगता इशारा द्या. उदाहरण ‘पर्सोना ५ रॉयल’चं. त्यात मारुकी नावाचा समुपदेशक आहे. त्याच्याशी मैत्री गेममधल्या १८ नोव्हेंबरच्या आत नवव्या पातळीपर्यंत नेली नाही, तर ‘रॉयल’ या वाढीव आवृत्तीसाठी जोडलेला शेवटचा मोठा भाग उघडतच नाही. शंभर तास खेळून तो भाग हुकला तर माणूस हळहळतो. म्हणून हे आम्ही सगळ्यांना आधीच सांगतो.

७. शंभर तासांचा गेम, नोकरी, घर, लहान मूल. वेळ आणायचा कुठून? मी सगळ्यांच्या मागे पडतो.

आमच्यात कुणी मागे नाही. हे मी धीर देण्यासाठी म्हणत नाही, आमचं कामच त्यावर चालतं. गोव्यात प्रत्येकाचं वर्ष वेगळ्या वेळी मोकळं होतं. हॉटेलात काम करणाऱ्याला ऑक्टोबर ते मार्च श्वास घ्यायला सवड नसते, त्याचा लांब गेम पावसाळ्यातच सुरू होतो. ट्रॉलरवर असणाऱ्याला १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदी मिळते. शिक्षकांना मे महिना मिळतो. घरात तान्हं मूल असलेल्या आईबापांना बहुतेक काहीच मिळत नाही, रात्री अर्धा तास मिळाला तरी पुष्कळ. हे सगळे एकाच वेगाने पुढे जावेत ही अपेक्षाच चुकीची.

अर्ध्या अर्ध्या तासाने खेळणाऱ्यांसाठी काही सवयी उपयोगी पडल्या आहेत. गुहेच्या मध्यात थांबू नका, गावात पोचून थांबा, म्हणजे पुढच्या वेळी सुरुवात शांत जागेतून होते. बंद करण्याआधी वहीत दोन ओळी लिहा : आता कुठे चाललो होतो आणि का. गेममधली नोंदवही कामगिरी सांगते, पण तुम्ही त्या म्हाताऱ्यावर संशय का घेतला होता ते तुमच्याच वहीत सापडतं. आणि उपकामगिऱ्या सगळ्या करायच्याच असतात, हा समज सोडा. ‘द विचर ३’च्या नकाशावरचं प्रत्येक प्रश्नचिन्ह पुसायला निघालेले कित्येक जण कथेच्या शेवटापर्यंत पोचलेच नाहीत. तो शेवट पाहण्यासारखा आहे.

८. मध्येच गेम सोडला होता. आता परत सुरुवातीपासून खेळू की तिथूनच पुढे?

आठ-दहा तासांच्या आत सोडला असेल तर नव्याने सुरू करा. त्याच्या पुढे गेला असाल तर तिथूनच. मात्र थेट मुख्य कामगिरीला भिडू नका. आधी सोप्या इलाख्यात जाऊन बटणं हाताला आठवू द्या. आपण पात्र असं का घडवलं होतं ते आठवत नसेल, तर बऱ्याच नव्या गेममध्ये कौशल्यं परत वाटून घेता येतात. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये छावणीतलं विदर्स नावाचं पात्र १०० सोन्याच्या नाण्यांत ते करून देतं. वहीची सवय असेल तर हा प्रश्न सहसा येत नाही (प्रश्न ७ पाहा).

९. सोप्या पातळीवर खेळलो तर ‘पूर्ण केला’ म्हणता येईल का?

हो.

१०. सेव्ह करून, हवा तो निकाल येईपर्यंत परत परत लोड करणं ही फसवणूक आहे का?

एकट्याने खेळताना फसवणूक कुणाची होणार? तरी माझं मत विचारत असाल तर निदान एका खेळात पडलेला फासा तसाच राहू द्या. ‘डिस्को एलिसियम’मध्ये अपयशाच्या वाटेलाही लेखकांनी तितक्याच मन लावून प्रसंग लिहिले आहेत. सतत लोड करणाऱ्याला त्यातले बरेचसे दिसतच नाहीत. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये यासाठी ऑनर मोड आहे, ज्यात एकच सेव्ह असते. पण तो दुसऱ्या खेपेसाठी ठेवा.

याला अपवाद आहे. गेममधल्या चुकीमुळे, म्हणजे बगमुळे, सोबती जमिनीत रुतला किंवा कामगिरी अडकली, तर बिनदिक्कत मागची सेव्ह उघडा. आणि दोघे-तिघे मिळून खेळत असाल तर लोड करण्याआधी सगळ्यांना विचारा. एकाला नकोसा वाटलेला निकाल दुसऱ्याला आवडलेला असू शकतो.

११. पावसात वीज जाते आणि सेव्ह जाते. काय करावं?

जून ते सप्टेंबरमध्ये सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच.

एकाच जागी सेव्ह करू नका. दोन-तीन जागा आलटून पालटून वापरा, म्हणजे लिहिता लिहिता वीज जाऊन एक सेव्ह बिघडली तरी मागची उरते. स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) क्लाउड सेव्ह, म्हणजे नेटवर ठेवलेली प्रत, चालू आहे ना ते बघा, पण सगळ्या गेमना ती सोय नसते. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागचं बटण ‘यूपीएस’वर आहे का तपासा. साध्या मोडवर वीज बदलताना पंख्याला कळत नाही इतकी फट पडते, पण पीसी तेवढ्यात बंद होतो. इन्व्हर्टर नसेल तर पीसीला छोटा यूपीएस लावा. तो खेळत राहण्यासाठी नसतो, सेव्ह करून नीट बंद करायला लागतात ती काही मिनिटं त्याने मिळतात. पावसाळ्यात कन्सोल रेस्ट मोडवर ठेवण्याऐवजी पूर्ण बंद करा. आणि गडगडायला लागलं की प्लग भिंतीतून काढा, नेटची वायरसुद्धा. ती वायर बहुतेक जण विसरतात.

दमटपणाही तितकाच वाईट. यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेलं बरं. डिस्क कपाटात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा. किनाऱ्याजवळ राहत असाल तर खारी हवा यंत्रात शिरते, तेव्हा उघड्या खिडकीसमोर कन्सोल मांडू नका.

१२. गेम फार महाग आहेत. विद्यार्थ्याने काय करावं?

थांबावं. आरपीजी शिळी होत नाही, आणि प्रश्न ६ च्या नियमामुळे आमच्याकडे उशिरा खेळण्याचा तोटा नाही. स्टीमचे मोठे सेल साधारण जूनअखेर आणि डिसेंबरअखेर येतात, तेव्हा जुने गेम बऱ्याच कमी किमतीत मिळतात. खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. मात्र आरपीजीत पात्राचा चेहरा बनवण्यातच तास निघून जातो, तेव्हा घड्याळाकडे लक्ष ठेवा. डिस्कवाले कन्सोल असणारे आपसात डिस्क बदलतात, ते चांगलंच. डाउनलोडचा आकडाही आधी बघा : ‘बाल्डर्स गेट ३’ला १५० जीबी जागा लागते, आणि गावातलं नेट असेल तर ते काम रात्रभराचं नाही, काही रात्रींचं आहे.

चोरीच्या प्रती आम्ही एकमेकांना देत नाही.

१३. गेन्शिनसारखे गाचा गेम (ज्यात नशिबाने पात्रं काढायची असतात) चालतात का? त्यात पैसे घालावेत का?

गेम म्हणून जरूर चालतात. २०२० साली आलेल्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’चं जग आणि संगीत सुंदर आहे आणि पैसे न घालता कथा पूर्ण खेळता येते. पैशाचं बोलायचं तर आधी आकडे समजून घ्या. पंचतारांकित पात्र निघण्याची मूळ शक्यता दर ओढीला (म्हणजे नशीब आजमावण्याच्या प्रत्येक खेपेला) ०.६ टक्के आहे. ९० व्या ओढीपर्यंत ते नक्की मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. हवं तेच पात्र मिळवायला वाईटात वाईट १८० ओढी लागतात. हा हिशेब रुपयांत मांडून बघा आणि मग ठरवा. ठरवायचं ते बॅनर (पात्रं काढायचं पान) उघडण्याआधी, उघडल्यानंतर नव्हे.

मुलांच्या हातात आईबाबांचा फोन असेल तर यूपीआयचा पिन त्यांना माहीत नसावा. आणि आमच्यात बसून ‘मी इतक्या हजारांचं पात्र काढलं’ असं सांगू नका. शेजारी बसलेल्याची नोकरी गेल्याच महिन्यात गेलेली असू शकते.

१४. नव्या कायद्याने ऑनलाइन गेम बंद झाले ना? बाबा म्हणतात आता हे सगळं बेकायदा आहे.

बाबांना सांगा की ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यातली बंदी पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर आहे. दुकानातून किंवा स्टीमवरून विकत घेऊन खेळायची आरपीजी त्यात येत नाही.

१५. घरचे म्हणतात तुला व्यसन लागलंय. खरंच लागलंय का ते कसं ओळखायचं?

तास मोजून ते ओळखता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात, जे जानेवारी २०२२ पासून लागू आहे, गेमिंग डिसऑर्डरची तीन लक्षणं दिली आहेत : खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्या गोष्टींच्या आधी खेळ येणं, आणि नुकसान होत असूनही खेळत राहणं. त्याने घर, अभ्यास, काम किंवा नाती यांचं ठळक नुकसान व्हायला हवं, आणि साधारणपणे हे बारा महिने दिसायला हवं. सुट्टीत दोन रात्री जागून गेम संपवणं म्हणजे व्यसन नव्हे. आपण किती खेळतो याबद्दल घरी खोटं बोलावं लागत असेल, जेवण आणि अंघोळ टळत असेल, मजा येत नसतानाही बंद करवत नसेल, तर मात्र ते हलक्यात घेऊ नका.

अशा वेळी आमच्यातल्या कुणालाही एकटं गाठून सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ वर आहे, आणि बांबोळीला मनोरुग्णालय आहे. तिथे ओपीडीत जाण्यात लाजण्यासारखं काही नाही. कुणी काही महिने खेळणं बंद केलं तरी रविवारची खुर्ची त्याचीच असते. तेव्हा आम्ही गेम सोडून इतर गोष्टी बोलतो.

१६. लांब गेम संपला की फार रिकामं वाटतं. हे विचित्र आहे का?

मुळीच नाही. तीन महिने रोज रात्री ज्यांच्या सोबतीने चाललात, ते सोबती श्रेयनामावलीनंतर पुन्हा नवं काही बोलत नाहीत. वाईट वाटणारच. लगेच दुसरा गेम सुरू करू नका, त्यात मन लागत नाही आणि त्या बिचाऱ्या गेमवरही अन्याय होतो. त्याऐवजी रविवारी या आणि तुमच्या खेळात काय काय झालं ते सांगा. एकाच गेमचे आमचे सगळ्यांचे शेवट वेगळे असतात, त्यामुळे ऐकणाऱ्यालाही ती नवीच गोष्ट असते.

याच्याशी जोडलेलं एक पथ्य. ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपिडिशन ३३’ हा २०२५ चा फ्रान्समधला गेम आम्ही भरभरून सुचवतो, पण घरात नुकतंच कुणी गेलेल्या माणसाला त्याचा विषय आधी सांगतो. त्या जगात दरवर्षी एका वयाची सगळी माणसं नाहीशी होतात आणि सबंध कथा शोकाभोवती फिरते. काहींना अशा वेळी नेमका तोच गेम आधार देतो, काहींना नको होतो. निवड त्यांच्याकडे असू द्या.

१७. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत कुणी उत्तरच देत नाही. रागावलात का?

नाही. गणपतीवरची माटोळी (फळापानांची सजावट) बांधायला सगळे आपापल्या गावी गेलेले असतात. नरकासुराच्या आधीचा आठवडा आणि शिगमोही तसाच. त्या दिवसांत कुणालाही ऑनलाइन बोलावू नका.

१८. आम्ही चौघे ‘बाल्डर्स गेट ३’ एकत्र खेळत होतो. एक जण आता बोटीवर नोकरीला गेला. त्याच्या पात्राचं काय करायचं?

आमच्याकडे बोटीवर जाणारे पुष्कळ, म्हणून हे नीट सांगतो. मल्टिप्लेअरमध्ये बनवलेलं पात्र त्याच मोहिमेला बांधलेलं असतं, त्याला ते सोबत घेऊन दुसरीकडे खेळता येत नाही. उरलेल्यांपुढे दोन वाटा आहेत. होस्ट (ज्याने मोहीम सुरू केली तो) त्याचं पात्र आपल्या ताब्यात घेऊन चालवू शकतो. किंवा ऑगस्ट २०२३ च्या दुसऱ्या पॅचपासून (गेममधल्या सुधारणेपासून) छावणीत एक कपाट आहे, त्यात गैरहजर मित्राचं पात्र ठेवता येतं आणि तो परतला की बाहेर काढता येतं. दुसरी वाट बरी. त्याच्या पात्राचे निर्णय आपण घेतले तर परत आल्यावर ते त्याला आपलं वाटत नाही.

मोहीम थांबवायची की पुढे न्यायची, हे तो जाण्याआधी त्याच्यासमोर ठरवा. कित्येक महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं, तोवर तिघांनी हात बांधून बसावं असं बहुतेक जण स्वतःच म्हणत नाहीत. चालणारा तोडगा असा : त्या मोहिमेची सेव्ह आहे तिथे राहू द्या आणि तिघांची नवी मोहीम सुरू करा. बोटीवर नेट महाग आणि तुटक असतं, तेव्हा त्याला व्हिडिओ पाठवू नका. काय काय घडलं ते चार ओळींत लिहून पाठवा, बंदराला लागला की तो वाचतो आणि उत्तर देतो. आणि जी मोहीम थांबवली आहे तिचे स्पॉइलर त्यालाही द्यायचे नाहीत. प्रश्न ६ बोटीवरही लागू आहे.